शेंगा, जिप्सम आणि पंधरा दिवसांनी येणारे साहेब

उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्यासाठी शेंगा फोडत बसलो होतो. फोडता फोडता जुनं आठवलं, ते लिहून ठेवतो.

१९५२ साली समूह विकास योजना आली आणि गावांना ग्रामसेवक मिळाले. पण त्यांच्यामागं शेतीबरोबर रस्ते, शाळा, साफसफाई सगळंच. शेंगांकडं बघायला वेळ कुठला? मग १९८० च्या दशकात आपल्याकडं प्रशिक्षण व भेट योजना चालली. डॅनिएल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञानं बसवलेली, पैसा जागतिक बँकेचा. कृषी सहायकानं दर पंधरा दिवसांनी ठरल्या दिवशी गावात यायचं, संपर्क शेतकऱ्याला सांगायचं, त्यानं बाकीच्यांना.

आमचे आण्णा संपर्क शेतकरी. मी तेव्हा शाळेत. साहेब म्हणाले, आऱ्या सुटताना जिप्सम टाका. आण्णा हसले, "मातीत आणि माती कशाला टाकायची?" साहेबांनी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला सायकलवर अर्धं पोतं आणलं, स्वतः चार ओळींत टाकलं, शेजारच्या चार तशाच सोडल्या. काढणीला दोन्हीकडची पाच-पाच झाडं उपटून बांधावर मांडली. एकीकडं शेंगा भरलेल्या, दुसरीकडं निम्म्या पोचट. कारण साधं आहे. शेंगेला लागणारा कॅल्शियम मुळातून फारसा येत नाही, आऱ्या आणि शेंग तो स्वतः मातीतून घेतात. वर जिप्सममधलं गंधक तेलाला लागतं.

पुढच्या वर्षी आण्णा तीनदा जिप्सम आणायला गेले आणि तीनदा हात हलवत आले. शेंगा परत पोचट. त्या योजनेत सल्ला होता, माल नव्हता. सल्ला पटला, पण पोतं मिळालं नाही.

१९८६ ला तेलबिया तंत्रज्ञान अभियान आलं. त्यात संशोधन, बियाणं आणि भाव एकत्र बांधले. जळगावच्या संशोधन केंद्राचा फुले प्रगती, म्हणजे आपला जेएल-२४, तोवर निघालेला होता. नव्वद-शंभर दिवसांत येणारा. हाच वाण पुढं आफ्रिकेत मलावीपर्यंत गेला, तिथं त्याला काकोमा म्हणतात. नंतर ट्रॉम्बे आणि अकोल्यानं मिळून टीएजी-२४ दिला. १९९०-९१ पासून आद्यरेषीय प्रात्यक्षिकं सुरू झाली. शास्त्रज्ञ स्वतः शेतात, बियाणं सोबत, आणि शेजारी शेतकऱ्याच्या पद्धतीचा प्लॉट. आमच्या साहेबांच्या चार ओळीच म्हणा की! देशाचं तेलबिया उत्पादन १९८६-८७ ला सव्वा कोटी टनांच्या आत होतं, १९९३-९४ ला दोन कोटींच्या वर गेलं. मग १९९४ पासून पामतेलाची आयात मोकळी झाली आणि भावाचा आधार ढिला पडला.

आता हिशेब बघा. ज्वारीला एकरी चार किलो बी पुरतं. भुईमुगाला दाणे लागतात चाळीस-पन्नास किलो. एकरी आठ क्विंटल शेंगा झाल्या तर साडेपाच क्विंटल दाणे, म्हणजे फार तर बारा-तेरा एकरांचं बी. ज्वारीच्या एका एकरात शंभर एकरांचं निघतं. शिवाय भुईमुगाचं घरचं बी चालतं. मग कंपनी यात कशाला पडेल? म्हणून या पिकाला विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र आणि कृषी खात्याची माणसं यांच्याशिवाय वाली नाही. आणि त्यांनीही नुसतं पत्रक न देता पोतं घेऊन यावं.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. खात्रीच्या बियाण्याचा पाच-दहा गुंठ्यांचा प्लॉट वेगळा ठेवा. त्यातली वेगळी दिसणारी झाडं काढून टाका. बी शेंगेतच साठवा, पेरणीच्या तोंडावर फोडा. आणि कोणी नवीन काही सांगितलं तर हसू नका. चार ओळी करून बघा.

आण्णांनी पुढं कुणाला जिप्समचं सांगितलं, की आधी ते साहेबांचं नाव घ्यायचे.