घरी बनवलेली पवनचक्की फिरते, पण बॅटरी चार्ज होईना? आधी हे तपासा

चुंबक आणि तांब्याच्या कॉइल वापरून घरी बनवलेल्या थ्री-फेज अल्टरनेटरचा बिघाड साध्या मल्टिमीटरने सापडतो. लगेच कॉइल उकलायला घेऊ नका. वारा पडल्यावरच काम करा आणि पहिल्यांदा बॅटरीचा फ्यूज काढा.

१. हाताने फिरवा : चक्की जड लागतेय का? मग तिन्ही तारा रेक्टिफायरपासून सोडवा. हलकी झाली तर डायोड शॉर्ट असू शकतो. तरीही झटके देत जड फिरली तर केबल किंवा कॉइलमध्ये शॉर्ट. घासल्याचा आवाज आला तर बेअरिंग बघा, चुंबक कुठे टेकतंय का तेही बघा.

२. एसी व्होल्ट मोजा : एकाच वेगाने फिरवत दोन-दोन तारांच्या तिन्ही जोड्या मोजा. स्टार जोडणीत दोन जोड्या कमी दाखवत असतील, तर त्या दोन्हींत येणारी तार दोषी. तिथे कॉइल उलटी जोडलेली असते, नाहीतर तारेवरचं वार्निश न खरवडता सोल्डर मारलेलं असतं.

३. तिन्ही सारखे, पण कमी : १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्जिंग सुरू व्हायला साधारण १० व्होल्ट एसी लागतात. दोन चुंबक-तबकड्यांमधलं अंतर जास्त नाही ना, समोरासमोर विरुद्ध ध्रुव आहेत ना, हे पाहा.

४. डायोड : मल्टिमीटरने एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवलं आणि उलट बाजूने काहीच नाही, तर चांगला.

सावधान! तारा सुट्या ठेवून चक्की वाऱ्यात सोडू नका. लोड नसला की वेग आणि व्होल्टेज दोन्ही वाढतात; पाती तुटू शकते, जोराचा शॉक बसू शकतो. काम संपेपर्यंत पाती दोरीने बांधून ठेवा, फक्त तपासणीपुरती सोडा.