दप्तरातला माणूस



सरकार बदलले की वर्तमानपत्रांत मंत्र्यांची छायाचित्रे येतात. आमच्या बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला व मजुराला मात्र सरकार भेटते ते तलाठ्याच्या सज्जात आणि तहसील कचेरीच्या खिडकीशी. तेथे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘कागद कुठे आहे?’ या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

बीड हा निजामाच्या हैदराबाद राज्यातील जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या राज्यात सारावसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरावी आणि रयतेकडून निघेल तेवढे काढावे, असा तो व्यवहार होता. १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी मक्त्यांच्या जागी पगारी अंमलदार आणण्यास आरंभ केला आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. सुभ्यावर सुभेदार, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार अशी उतरंड लागली. आज ज्याला आपण कलेक्टर म्हणतो, तो त्या काळचा अव्वल तालुकदार. मॅक्स वेबर या जर्मन पंडिताने नोकरशाहीची लक्षणे सांगितली आहेत : ठरलेला अधिकार, वरिष्ठ-कनिष्ठ दर्जा, पगार आणि लेखी दप्तर. यांपैकी बरीचशी या व्यवस्थेत दिसू लागली. वसुलीत ज्याचा हिस्सा नाही असा अंमलदार येणे, ही सुधारणा लहान नव्हती.

परंतु दप्तराची किल्ली रयतेच्या हाती आली नाही. गावचे कागद वंशपरंपरेच्या पटवाऱ्याकडे, आणि ते मोडीत. वरच्या कचेरीची भाषा प्रथम फारसी व १८८० नंतरच्या दशकात उर्दू. रयतेला बहुधा दोन्ही वाचता येत नसत. म्हणून मध्ये अर्जनवीस आला. आपले गाऱ्हाणे आपल्याच नावाने काय लिहिले गेले, हे अंगठा करणाऱ्याला कळत नसे. मी उर्दूला दोष देत नाही. ती आमच्या जिल्ह्यातील कितीएक घरांची मायबोली आहे. दोष असा, की ज्याच्याविषयी कागद लिहिला जाई, त्यालाच तो वाचता येत नसे. तो दोष किती लांब पोहोचतो पाहा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे हुडकावी लागली. फसली सालात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो, एवढी गोष्टही पुष्कळांना नव्याने शिकावी लागली. त्या मागणीची बाजू-प्रतिबाजू हा आजचा विषय नाही. पणजोबांचा कागद पणतूचे भवितव्य ठरवतो, एवढेच ध्यानात घ्यावे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली. १९४९ साली जहागिरी गेल्या. १९५० साली हैदराबाद राज्याचा कूळकायदा आला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आलो आणि कचेरी हळूहळू मराठी बोलू लागली. कायद्याने कुळाला संरक्षण दिले खरे. पण तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्याने आपली वहिवाट दाखवायची कशावरून? पुन्हा कागद! ज्याची नोंद झाली तो कूळ ठरला, ज्याची राहिली त्याला कायदा असून नसल्यासारखा झाला.

मजुराच्या बाजूने कागद प्रथम बोलला तो रोजगार हमीत. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडची माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. वि. स. पागे यांनी कल्पिलेल्या योजनेचा १९७७ साली कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरी पगारदारांच्या व्यवसायकरातून तिला पैसा मिळाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असे ठरले. मस्टरवर नाव चढणे म्हणजे हक्क झाला. खोट्या नावांची मस्टरे भरल्याच्या तक्रारीही राज्यात झाल्या. तरी तोंडी मागणी हवेत विरते आणि लेखी मागणीची पोच हातात राहते, हे बाईमाणसांनासुद्धा तेथेच उमगले.

आता कचेरी हलत का नाही, हे पाहू. कारकुनाला शिव्या देणे सोपे आहे. मी कामगार संघटनेचा माणूस; कारकूनही नोकरच आहे, हे मी विसरत नाही. टिपणी तो लिहितो, सही वरचे करतात, आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर जाब त्यालाच. ‘का दिले?’ असे त्याला दहा वर्षांनीही विचारतील; ‘का दिले नाही?’ असे विचारणारा कोणी नसे. अशा स्थितीत शहाणा माणूस फाईल दाबूनच ठेवणार! २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे पारडे थोडे फिरवले. माहिती तीस दिवसांत द्यावयाची, विनाकारण विलंब केल्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, आणि तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. न देण्यालाही किंमत असते, असे लिहिले गेले.

या साऱ्या दप्तरात आमचा ऊसतोडकरी कोठे आहे? दसरा-दिवाळीनंतर नवराबायको मिळून एक कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. त्याची उचल मुकादमाच्या वहीत, त्याचा हिशेब मुकादमाच्या तोंडी, आणि बायकोचे नाव त्या वहीतही नाही. अपघात झाला तर तो कोणाचा कामगार, याचा पुरावा नाही. मक्तेदाराची वही सालारजंगांनी मोडली असे आपण शिकतो. उसाच्या फडात ती शिल्लक आहे. अलीकडे ग्रामसेवकामार्फत या कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे यांचे काम सुरू झाले. ते पुरे होणे न होणे केवळ कचेरीवर सोडून चालणार नाही.

म्हणून शहरातील आपणा शिकलेल्या मंडळींकडे एक मागणे आहे. टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधीचे दोन रविवार आपापल्या ओळखीच्या एका गावाला द्या. अर्ज वाचून दाखवा, नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव स्वतंत्र लिहिले आहे ना ते पाहा, आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.