मूल मारहाणीपर्यंत जाण्याआधीच सांभाळणारं पाळणाघर: अमेरिकेतली ‘क्रायसिस नर्सरी’ काय असते?

एकट्या आईला तातडीने हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायचंय आणि दीड वर्षाच्या मुलाला कुणाकडे ठेवावं, असं एकही माणूस जवळ नाही. किंवा घरमालकाने घर रिकामं करायला लावलंय आणि आजची रात्र गाडीत काढायची वेळ आलीय. किंवा वरवर पाहता काहीच झालेलं नाही: दीड महिन्याचं बाळ चार तास रडतंय, आईला तीन रात्री झोप नाही आणि आता आपल्या हातून काहीतरी होईल, अशी भीती तिला वाटू लागलीय.

अशा वेळी एक फोन करून बाळ काही तास किंवा दोन-तीन दिवस सोपवता येईल, अशा जागा अमेरिकेतल्या काही शहरांमध्ये आहेत. त्यांना ‘क्रायसिस नर्सरी’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्या दिवसरात्र सुरू असतात आणि पालकांकडून पैसे घेत नाहीत.

कल्पना आली कुठून?

1962 साली डेन्व्हरमधले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ या नावाचा लेख प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या एक्स-रेमध्ये दिसणारी जुनी, आपोआप जुळलेली फ्रॅक्चर्स ‘पाळण्यातून पडला’ एवढ्याने समजावता येत नाहीत, हे त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या पाचेक वर्षांत जवळपास सगळ्या राज्यांनी कायदे केले. मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला तर डॉक्टरांनी तो कळवलाच पाहिजे, असा नियम झाला.

पण कळवायचं म्हणजे मार बसून गेल्यावर. त्याआधी काय? 1970च्या दशकात या प्रश्नावर जी उत्तरं शोधली गेली, त्यातलं एक म्हणजे क्रायसिस नर्सरी. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडमध्ये 1981 पासून सुरू असलेलं ‘प्रॉव्हिडन्स हाउस’ हे त्यातलं एक जुनं नाव. 1986 मध्ये अमेरिकी संसदेने खास कायदा करून अशा केंद्रांसाठी निधी दिला. पुढे तो इतर योजनांमध्ये मिसळून गेला. आज बहुतेक नर्सरी राज्य सरकारचं अनुदान आणि देणग्या यांची सांगड घालून चालतात, त्यामुळे सगळीकडे त्या नाहीत.

मूल काढून घेतलं जातं का?

नाही, आणि सगळा फरक इथेच आहे. सरकारी यंत्रणा मूल ताब्यात घेते तेव्हा कोर्ट, तारखा, परक्या कुटुंबात राहणं हे सगळं सुरू होतं. इथे आई किंवा बाप स्वतःहून मूल आणून देतात, ताबा त्यांचाच राहतो आणि ते कधीही येऊन मुलाला परत नेऊ शकतात. अनेक ठिकाणी मुक्काम साधारण तीन दिवसांचा असतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सहा वर्षांखालची मुलं आणि जास्तीत जास्त 30 दिवस अशी मर्यादा आहे.

मात्र ‘कुणाला काही कळणार नाही’ असंही नाही. मुलाच्या अंगावर माराचे वण दिसले तर कर्मचाऱ्यांना ते कळवावंच लागतं. त्यामुळेच बऱ्याच आया फोन करायला कचरतात.

मूल तिथे खेळत-झोपत असताना कर्मचारी पालकांशी बोलतात. घरभाडं, डायपर, नोकरी, व्यसनमुक्ती, नवऱ्याची मारहाण, जे असेल ते. दोन दिवसांत गरिबी हटत नाही हे उघड आहे. पण अमेरिकेत ज्या मुलांवर अन्याय झाल्याचं सरकारी चौकशीत सिद्ध होतं, त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत नोंद ‘दुर्लक्ष’ अशी असते, मारहाण अशी नव्हे. मूल घरात एकटं ठेवून आई रात्रपाळीला गेली, हेही त्या दुर्लक्षात येऊ शकतं. आणि ती का गेली, याचं उत्तर पुष्कळदा साधं असतं: सांभाळायला कुणी नव्हतं.

रडणारं बाळ हाच सगळ्यात मोठा धोका

तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, दुसऱ्या महिन्यात शिगेला पोचतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतं. पोट भरलंय, दुपटं बदललंय, ताप नाही, तरी बाळ रडतंच. यात आईचं काही चुकलेलं नसतं.

पण याच काळात चिडून बाळाला गदागदा हलवण्याचे प्रकार घडतात. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान लुळी. काही सेकंदांच्या हिसक्यांनीही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. काही बाळं दगावतात, वाचलेल्यांपैकी अनेकांची दृष्टी जाते किंवा मेंदूला कायमची इजा होते. हे करणारा माणूस दरवेळी क्रूरच असतो असं नाही. अनेकदा तो फक्त दमलेला आणि एकटा असतो.

म्हणून डॉक्टरांचा सल्ला अगदी साधा आहे. सहन होईनासं झालं तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवा, खोलीबाहेर पडा, पाच-दहा मिनिटांनी परत या. रडण्याने बाळाला इजा होत नाही, हलवण्याने होते. रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, ताप असला किंवा बाळ दूध पीत नसलं तर मात्र थेट डॉक्टर गाठायचे. क्रायसिस नर्सरी म्हणजे याच दहा मिनिटांचे दहा तास करून देणारी जागा.

याचा उपयोग होतो का?

इलिनॉय राज्यातल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या कुटुंबांनी आधी क्रायसिस नर्सरीची मदत घेतली होती, त्यांची मुलं पुढे सरकारी ताब्यात गेली तरी आपल्या घरी परतण्याचं प्रमाण जास्त होतं. अर्थात, मदत मागणारे पालक मुळातच जास्त धडपडे असू शकतात. त्यामुळे सगळं श्रेय नर्सरीला देणं घाईचं ठरेल.

महाराष्ट्रात काय आहे?

आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं आजी, मावशी आणि शेजारच्या काकू करत आल्या. पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत एकटं राहणाऱ्या जोडप्याला किंवा ऊसतोडीच्या फडावरच्या आईला तो आधार असेलच असं नाही.

सरकारी तरतुदी आहेत, पण त्यांचं स्वरूप वेगळं आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या, किंवा पालक गंभीर आजारी वा तुरुंगात असलेल्या मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळतात. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही योजना आहे आणि मंजुरी जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. मूल बालगृहात न जाता घरातच वाढावं, हा तिचा हेतू. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतली पाळणाघरं दिवसा चालतात. बाल न्याय कायद्यात अल्पकाळ राहण्यासाठी खुल्या निवारागृहांची सोय आहे, पण तिचा भर प्रामुख्याने रस्त्यावरच्या मुलांवर. आणि मूल सांभाळणं अशक्यच झालं तर ते बाल कल्याण समितीकडे कायमचं सोपवता येतं. त्या निर्णयावर फेरविचार करायला पालकांना दोन महिने मिळतात.

मदतीसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. 1996 मध्ये ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्थे’च्या एका प्रकल्पातून ती मुंबईत सुरू झाली, आता सरकार चालवतं. ती 24 तास सुरू असते, फोनला पैसे पडत नाहीत. मुलंच नव्हे, तर मोठी माणसंही या नंबरवर फोन करू शकतात.