लेकराजवळ कोण आहे?

जून 1971 सरत आलाय. कलकत्त्याहून निघालेल्या जीपमध्ये तुम्ही मागे, खोक्यांना धरून बसला आहात. जसोर रोडच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं: डोक्यावर गाठोडी, कडेवर मुलं, दोघांनी चादरीच्या झोळीत उचललेली एखादी म्हातारी. पूर्व पाकिस्तानातून सीमा ओलांडून आलेल्यांचा आकडा या वर्षी एक कोटीच्या आसपास जाणार आहे. पाऊस उघडत नाही. प्यायचं पाणी आणि मैलापाणी एक झालंय, आणि वस्तीत पटकी शिरली आहे.

बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या आहेत. त्यात सोळा खाटा. त्या केव्हाच भरल्यात. बाकीचे रुग्ण जमिनीवर. आत पाऊल टाकताना तुम्ही थबकता, कारण फरशीवर उलट्या-जुलाबांचं पाणी साचलंय. तुमच्या पुढे गेलेला माणूस मात्र थबकलेला नाही. तो त्याच पाण्यात गुडघे टेकून एका मुलाच्या हाताची शीर शोधतोय. डॉ. दिलीप महालनबीस, वय 36, बालरोगतज्ज्ञ, कलकत्त्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रातून आलेले. शीर सापडते, सुई लागते. मग ते वळून सलाइनच्या बाटल्यांकडे बघतात. त्यांच्या मागोमाग तुम्हीही बघता. बाटल्या संपत आल्यात, आणि शीर शोधता येईल अशी माणसं तर बाटल्यांहूनही कमी.

तुमच्या हातात एक पेला आणि एक चमचा दिला जातो. कोपऱ्यात नळ बसवलेला पिंप आहे. त्यातल्या पाण्यात कालवलेली पूड कलकत्त्याच्या केंद्रात, ग्रंथालयाच्या खोलीत वजन करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलेली आहे: एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. या पाण्याला इथे ‘ओरल सलाइन’ म्हणायचं. सलाइन म्हटलं की लोकांचा विश्वास बसतो.

दीड-दोन वर्षांचं पोर आईच्या मांडीवर आडवं पडलंय. डोळे खोल गेलेत, जीभ कोरडी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी राहते आणि मग सावकाश बसते. ते रडतंय, पण डोळ्यांना पाणी नाही. तुम्ही चमचा ओठांना लावता. पोर गिळतं. दुसरा चमचा, तिसरा, चौथा. मग सगळं उलटून तुमच्या मनगटावर येतं. आई तुमच्याकडे बघते. तिला वाटतं, संपलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय, तसं तुम्ही दहा मिनिटं थांबता आणि पुन्हा चमचा भरता, या वेळी आणखी हळू. तासाभरात चमचा आईच्या हातात जातो आणि तुम्ही शेजारच्या मुलाकडे सरकता. दुपार कलताना ती तुम्हाला हाक मारून मांडीवरचं ओलं फडकं दाखवते. पोराला लघवी झालीय. भाषा कळत नसली तरी ती काय सांगतेय ते तुम्हाला कळतं.

आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम बरोबरीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं, हे शास्त्रज्ञांना 1960च्या दशकातच उमगलं होतं. ढाका आणि कलकत्त्याच्या वॉर्डांत असं पाणी पाजून पाहिलंही होतं. पण तिथे डॉक्टर उशाशी होते, गेलेलं पाणी आणि दिलेलं पाणी मोजलं जात होतं. इथे तो पेला रुग्णाच्या आईच्या, भावाच्या, आजीच्या हातात गेला. या खोल्यांत आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. ओरल सलाइन सुरू झाल्यावर साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांमध्ये ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. मोठ्या प्रयोगशाळा, मोठी इस्पितळं यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांचा इतिहास लिहायचा झाला, तर मी सुरुवात त्या पेल्यापासून करीन, कारण त्या पेल्याने एक जुना समज मोडला: जीव वाचवायचं काम फक्त शिकलेल्या माणसाच्या हातून होतं, हा.

पेला खाली ठेवा आणि सतरा वर्षं पुढे या. 1988, गडचिरोली जिल्हा.

रात्र आहे. एसटी जिथे वळून परत जाते तिथून तुम्ही पायी आलात, आणि आता एका कुडाच्या घरात रॉकेलची चिमणी धरून उभे आहात. खाटेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ आहे. त्याची आजी दाराशी बसून पुन्हापुन्हा तेच सांगतेय: “दुपारपासून पोट उडून राह्यलं वो माय लेकराचं.” गावातली दाई येते. वाचता येत नाही, आकडे दहा-बाराच्या पुढे येत नाहीत. पण या गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मलीत, तिच्यासाठी दार कुणी अडवत नाही. ती आईला म्हणते, “पाजू नको आता, हलवू बी नको. निजू दे तसंच.” मग तुम्हाला म्हणते, “दिवा खाली धरा.”

तुम्ही चिमणी खाली धरता. दाई बाळाच्या अंगावरचं फडकं वर सारते आणि पिशवीतून एक लाकडी चौकट काढते. चौकटीत वाळूचं घड्याळ बसवलंय, एका मिनिटाचं, आणि शेजारी तारेवर ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. घड्याळ उलटं होतं, वाळू पडू लागते. दाईची नजर पोटावर, ओठ हलताहेत. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. तुम्ही मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजता आणि तुमचं मोजणं दोनदा चुकतं, कारण बाळाचा श्वास भलताच भरभर चाललाय; प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय. तिचं चुकत नाही. शेवटचा मणी तांबडा आहे. वाळू अजून पडतेय आणि तिचं बोट तांबड्या मण्यावर येऊन थांबलंय.

हा न्यूमोनिया आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक: डॉक्टर ज्या खुणेवर भरवसा ठेवतात, तीच खूण लाकूड, वाळू आणि मण्यांत बसवून डॉ. अभय बंग यांनी दाईच्या हाती दिली आहे. दाई पिशवीतून कोट्रायमॉक्साझोलची बाटली काढते, वयाप्रमाणे माप भरते, बाळाच्या गालाच्या आतून थोडं थोडं सोडते. उद्या सकाळी, संध्याकाळी, परवा किती द्यायचं ते आजीकडून वदवून घेते. “दूध सोडलं, गळपटलं, तर वाट पाहू नका. मले बलवा, दवाखान्यात नेऊ.” रात्रीचे साडेनऊ वाजलेत. मघाशी आजीने दाराबाहेर हाक मारल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत अर्धा तासही गेलेला नाही. या घरापासून डॉक्टर किती लांब आहे, हे तुम्ही आज चालून पाहिलंय.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत सुरू केली. तिच्या न्यूमोनियाच्या प्रयोगात 58 गावांत गावातल्याच माणसांना, म्हणजे आरोग्यसेवक आणि दायांना, शिकवून औषध दिलं गेलं. तुलनेसाठी 44 गावं होती. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी 0.8 टक्के मुलं दगावली. तुलनेच्या गावांत हे प्रमाण 13.5 टक्के होतं. हा लेख 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे त्याच जिल्ह्यात याहून धाडसाची गोष्ट झाली. थोडं शिकलेल्या गावातल्या बायका नवजात बाळांचं वजन करू लागल्या, श्वास अडलेल्या बाळाला श्वास देऊ लागल्या, जंतुसंसर्गाच्या खुणा ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही देऊ लागल्या. अशिक्षित किंवा अर्धशिक्षित बाईच्या हाती अँटिबायोटिक? सुई? हा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आजही विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्याने त्या कुडाच्या घरात रात्री नऊ वाजता उभं राहून तो विचारावा, एवढंच माझं म्हणणं आहे. तिथल्या नवजात मुलांच्या मृत्यूचं प्रमाण हजारी 62 होतं, ते काही वर्षांत 25 वर आलं. 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळ बघतात, त्या रीतीचं मूळ इथे आहे.

वाटेत घटकाभर अमेरिकेत डोकवा, 1980च्या दशकात. आपत्कालीन विभागातले डॉक्टर जेम्स ब्रोझलो रंगीत पट्ट्यांची एक लांब फीत पलंगावर पसरताहेत. बेशुद्ध मुलाला वजनकाट्यावर ठेवायला वेळ नसतो, आणि औषध तर वजनावर ठरतं, नळी आकारावर. डोक्यापासून टाचेपर्यंत फीत लावायची. टाच ज्या रंगावर येईल तिथेच वजनाचा अंदाज, डोस, नळीचं माप छापलेलं. कल्पना सुंदर आहे. पण फीत तिथल्या मुलांच्या बांध्यावर बेतलेली. आपल्याकडच्या दहा किलोंवरच्या मुलांचं वजन ती जास्त दाखवते, हे भारतातल्या अभ्यासात पुढे दिसलं. दुसऱ्याच्या देशातून आणलेलं मापसुद्धा आपल्या लेकराला लावून बघावं लागतं.

आता 2001च्या आधीची काही वर्षं, आफ्रिकेतलं मलावी, ब्लँटायर शहर. क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल. तुम्ही रांगेत आहात.

पावसाळा म्हणजे मलेरियाचा हंगाम. रांग अंगणापर्यंत गेलीय. बायकांच्या पाठीवर चितेंजेच्या रंगीत कापडात बांधलेली मुलं आहेत. मागे कुठेतरी एक पोरगं टाहो फोडतंय आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळताहेत. तुमच्या पुढच्या बाईच्या पाठीवरचं मूल मात्र अगदी गप्प आहे. तिला ते दिसत नाही, तिची नजर पुढच्या खिडकीवर. तुम्हाला दिसतं: मान एका बाजूला कललेली, तळवा पांढराफटक. तुम्ही ती बोटं हातात घेता. उष्ण दमट हवेत ती गार लागतात. अंगठ्याचं नख दाबून सोडता आणि मोजता: एक, दोन, तीन, चार. रंग परत येत नाही. रांग एका पावलाने पुढे सरकते.

या इस्पितळात दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी दहा ते अठरा दगावत होती, आणि बरीचशी पहिल्या चोवीस तासांतच. औषधं आत होती, डॉक्टर आत होते. मूल बाहेर होतं. डॉ. एलिझाबेथ मॉलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाराशीच काम सुरू केलं. आलेलं प्रत्येक मूल लगेच नजरेखालून घालायचं: श्वास अडतोय का, ओठ निळे आहेत का, हातपाय गार आहेत का, आकडी आहे का, शुद्ध आहे का, जुलाबांनी शोष पडलाय का. यातलं एक जरी असलं, तरी मूल थेट आत, उपचार तिथल्या तिथे. नोंद मागाहून. मृत्यूचं प्रमाण सहा ते आठ टक्क्यांवर उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पुस्तिका काढली. तिच्यातली एक सूचना मला सर्वांत मोलाची वाटते: फाटकावरचा पहारेकरी, नोंदणी करणारा कारकून, झाडलोट करणारी बाई, जो कुणी आलेल्या मुलाला आधी बघतो, त्यालाही या खुणा शिकवा.

आता परत या. आजची रात्र, महाराष्ट्रातलं एखादं सरकारी रुग्णालय. बाहेर 108ची गाडी उभी आहे. 2014 साली 937 रुग्णवाहिकांनी ही सेवा राज्यात सुरू झाली, आणि पूर्वी बैलगाडीतून, दुधाच्या टेम्पोतून येणारी कितीतरी मुलं आज तिच्यामुळे वेळेत पोहोचतात. आत नवजात बालकांचा विशेष कक्ष आहे. ओआरएसची पाकिटं कपाटात आहेत. ब्लँटायरमधली ती दाराशी निवड करण्याची पद्धत आपल्या डॉक्टर-नर्सेसच्या सरकारी प्रशिक्षणातही आहे. आणि तरी दारातून आत शिरलेल्या बापाला पहिला प्रश्न काय विचारला जातो? “केसपेपर काढला का?” मला याचा राग येतो. विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याला तेवढंच शिकवलेलं असतं आणि रांग सांभाळणं हेच त्याचं काम ठरवून दिलेलं असतं. त्याला दोन दिवस बसवून या खुणा कुणी शिकवल्या, तर तो त्या इमारतीतला पहिला उपचार करणारा होईल. लहान मुलाचा मास्क, लहान मुलाच्या मापाची श्वास देण्याची पिशवी अपघात विभागात हाताशी आहे की स्टोअरमध्ये कुलपाआड, हेही याच रात्री बघून घ्या.

खिडकीपुढे तुमचा नंबर बराच मागे आहे. तुमच्या पुढे एक तरुण बाई, खांद्यावर तीनेक वर्षांची मुलगी. मुलगी गप्प आहे. तिच्या फ्रॉकखाली बरगड्या आत ओढल्या जाताहेत. तुम्ही घड्याळाकडे बघून श्वास मोजता. या वयाला मिनिटाला चाळीस म्हणजे खूण. मिनिट भरायच्या आत तुम्ही पन्नाशी ओलांडता. तुम्ही तिच्या पायाला हात लावता.

“ताई, रांग सोडा, माझ्याबरोबर चला.”

“पण केसपेपर...”

“तो मागून काढू.” आणि दारातल्या खाकी कपड्यातल्या माणसाला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात: “दादा, हिला धाप लागलीय, पाय गार पडलेत. दार उघडा आणि आतल्या सिस्टरना हाक मारा.”