एका बंगल्यातला कलावंतांचा शेजार

१/ १९५० नंतरची मुंबई. चित्रकार पुष्कळ, पण कॅनव्हास उभा करण्यापुरती जागा मिळणे कठीण. अशा काळी वॉर्डन रोडवरील एक बंगला कलावंतांना खुला झाला : भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट.

२/ आझाद हिंद सेनेच्या खटल्यात लाल किल्ल्यावर बचावाची बाजू मांडणारे भुलाभाई देसाई १९४६ साली निवर्तले. पुढे त्यांच्या सूनबाई माधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांनी ही संस्था नावारूपाला आणली.

३/ भाडे नाममात्र. हुसेन, गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर येथे रंगवीत. अल्काझींच्या नाट्यचमूचा वावर येथेच. १९६२ मध्ये रविशंकरांचे किन्नर संगीत विद्यालयही येथे सुरू झाले.

४/ जागेइतकाच मोलाचा होता शेजार. तरुण नसरीन मोहमदी यांना येथेच गायतोंडे यांच्यासारखा ज्येष्ठ सुहृद लाभला. दोघेही अमूर्ताचे उपासक. तरी गायतोंडे रंगांच्या थरांत रमले, तर नसरीन पुढे शाईच्या काटेकोर रेषांकडे वळल्या. सहवासाने दृष्टी दिली, वाट मात्र ज्याची त्याने शोधली.

५/ कालांतराने बंगला पाडला गेला. रस्ता आज भुलाभाईंचे नाव मिरवतो, चित्रे देशोदेशीच्या संग्रहालयांत पोहोचली. शेजाऱ्याने सहज डोकावावे असे ते दार तेवढे उरले नाही.