पाहण्याचे भाडे

गेल्या श्रावणात मुळशी तालुक्यातील रिहे या गावी काही कामानिमित्त माझे जाणे झाले. ज्या घरी मी उतरलो होतो, त्या घरचा तरुण मुलगा पखवाज उत्तम वाजवतो आणि शिकवतोही. हात कसा पडतो, बोल कसा निघतो, हे दाखवणारे धडे त्याने व्हिडिओवर चित्रित करून आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. जो पैसे भरील त्याला ते तीस दिवस पाहावयास मिळतात. एकतिसाव्या दिवशी दार आपोआप बंद होते. शिकणारांत मुंबईचे चाकरमाने आहेत, परदेशी स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे आणि जवळच्याच एका वाडीवरचे वृद्ध वारकरीही आहेत. या वारकरीबाबांचा निरोप आदल्याच दिवशी आला होता. त्यांनी पैसे भरले आणि दुसऱ्या दिवसापासून भाताची लावणी लागली. वीस दिवस चिखलात गेले, चार दिवस वीज नव्हती. उरलेल्या दिवसांत दोन धडे कसेबसे पाहून झाले. "माझे पैसे तुम्ही कशाचे घेतलेत?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मुलगा मला म्हणाला, "काका, मी तीस दिवस म्हटले होते आणि तीस दिवस दिले. मग माझे चुकले कोठे?" मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. परंतु हा प्रश्न त्या मुलाच्या संकेतस्थळाबरोबर जन्मलेला नाही. त्याचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे, आणि त्याचा इतिहास बव्हंशी आपल्याच मुलखात घडलेला आहे. तोच आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

कापड घेणारा कापड घेऊन घरी जातो. पाहणारा मात्र रिकाम्या हाताने परततो. तरीही पाहण्यासाठी काही द्यावे ही रीत आपल्याकडे जुनी. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या उलगडून रामायण-महाभारतातील कथा सांगत. कथा संपली की पोथी बंद होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर हलती करून दाखवणारा 'शांबरिक खरोलिका' हा खेळ उभा केला. या सर्वांत देणाराची बुद्धी साधी होती: समोर माणूस श्रम करीत आहे, त्याच्या श्रमाचे आपण काही देत आहोत.

यंत्र आले आणि हा हिशेब बदलला. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्क शहरी एडिसनच्या किनेटोस्कोप यंत्रांचे दुकान उघडले. पाचपाच पेट्यांच्या दोन रांगा मांडलेल्या. पंचवीस सेंट द्यावेत आणि एका रांगेतील पाच पेट्यांत डोळा लावून पाहावे. एका पेटीतील चित्र अर्ध्या मिनिटाच्या आतच संपे. एका वेळी एकच माणूस पाहू शके. आज ज्या मोबाइलवर आपण एकट्याने चित्र पाहतो त्याचा खरा पूर्वज ही पेटी होय. चित्रपटगृह हे मधल्या काळातील मोठे, गजबजलेले वळण आहे.

ते वळण लवकरच आले. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी एक फ्रँक घेऊन पडद्यावर हलती चित्रे दाखवली आणि अवघ्या सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तोच खेळ केला. तो खरे तर ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होता. प्रवेशमूल्य एक रुपया. आगगाडी स्थानकात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, भिंत पाडली जाते, समुद्रात लोक स्नान करतात. अशी सहा चित्रे, आणि प्रत्येक जेमतेम मिनिटभराचे. तो रुपया कोणाच्या श्रमाचा होता? पडद्यावरचे कामगार फ्रान्समध्ये आपापल्या घरी होते. रुपया होता तो दृष्टीचा, काही मिनिटे पाहू देण्याचा. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले. तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र सज्जे राखले गेले. चित्र एकच, काळही एकच; पण बसण्याच्या जागेनुसार भाडे निराळे, ही युक्ती तेव्हापासूनची.

हे पाहून पेटलेल्यांपैकी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा एक. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. पुढे दादासाहेब फाळके आले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्याच्या सुरतेतील खेळाची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सर्व केवळ तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. मला या जाहिरातीचे नेहमी कौतुक वाटते. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे धरली तर आकडा एकोणसाठ हजारांवर जातो. तेव्हा सत्तावन्न हजार ही गोष्ट प्रामाणिक होती. दोन मैल मात्र नव्हते. पाऊण मैलही भरत नाही! पण दुकानदाराच्या या थापेहून त्यातील मर्म महत्त्वाचे आहे. पाहण्यासारख्या निराकार वस्तूचे मोल लोकांना पटेना, म्हणून ती गजाने मोजून आणि नगाने गणून दाखवावी लागली. तीन आण्यांत तासभर, असे म्हणण्याचे धैर्य तेव्हा कोणाला नव्हते.

खेड्यापाड्यांत हा व्यवहार तंबूतून पोचला. अब्दुलअली युसुफअली यांनी शतकाच्या आरंभी फिरता तंबू घेऊन आग्नेय आशिया आणि हिंदुस्थान पालथा घातला. पुढे १९३१ साली ज्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, त्या चित्रगृहाच्या मालकांत ते होते. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरत्या टॉकीजचे तंबू त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या लागत राहिले. रिह्याच्या त्या घरातील आजोबांनी असा तंबू तरुणपणी पाहिला होता. ते सांगू लागले, "रीळ तुटले तर पोरे शिट्ट्या मारीत आणि मालक घामाघूम होऊन ते जोडी. जोडल्याशिवाय त्याची सुटका नसे. चित्र पुरे दाखवल्याविना तंबूचा पडदा कोण उघडू देणार?" मला हे वाक्य मोलाचे वाटले. तंबूवाला काळ विकत नव्हता, तो एक पुरा खेळ विकत होता. खोळंबा झाला तर तो त्याच्या अंगावर पडे, पाहणाराच्या नव्हे.

अर्थात तंबूवालाही भाडेकरूच. चित्राची प्रत वितरकाची. ती ठराविक दिवसांच्या कराराने मिळे आणि मुदत संपली की डबे बांधून परत करावी लागे. १९२३ च्या मुंबई करमणूक कर कायद्यानंतर सरकारही या भाड्यात वाटेकरी झाले. पाहणारा तासांचा भाडेकरू, दाखवणारा आठवड्यांचा. स्वामी एकटा निर्माता. आणि त्या स्वाम्याला तरी आपल्या वस्तूची किती चाड होती? भाडे येईनासे झाले की प्रती अडगळीत जात. कित्येक तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या गेल्या. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळांपैकी दोन उरली आहेत, आणि तीही १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले, म्हणून एवढे तरी हाती लागले. सुरतेत तीन आणे देणारांपैकी कोणाच्याही घरी चित्राचा एक तुकडा असण्याचा संभव नव्हता. पुस्तकाची एक प्रत विकली की ती एका घरात वाचते. भाड्याने दाखवलेले चित्र मालकाबरोबर मरते.

१९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि प्रथमच चित्र सामान्य माणसाच्या पिशवीत मावू लागले. शहरांत गल्लोगल्ली कॅसेट भाड्याने देणारी दुकाने निघाली. एका रात्रीचे भाडे, वहीत नाव, आणि पुष्कळदा अनामत रक्कम. या वहीचे नीट स्मरण ठेवावे, कारण ती पुढे पुन्हा येणार आहे. एका कॅसेटवरून दुसरी उतरवणे सोपे असल्याने चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. तेव्हा १९८४ साली प्रताधिकार कायदा दुरुस्त करून व्हिडिओ त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आणला गेला व शिक्षा वाढवण्यात आल्या. असे असले तरी कॅसेटवाल्याचा व्यवहार मनुष्यांतला होता. पाहुणे आले, कॅसेट पाहणे झाले नाही, असे सांगितले तर ओळखीचा दुकानदार आणखी एक रात्र मुकाट्याने सोडून देई.

ही माणुसकी यंत्रातून काढून टाकण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत १९९८ साली झाला. 'डिव्‌एक्स' नावाची तबकडी अल्प किमतीत घरी न्यावयाची. प्रथम लावल्यापासून ४८ तास ती चाले, पुढे पुन्हा पैसे भरावे लागत. तबकडी तुमच्या कपाटात, पण तिच्यावरची सत्ता कंपनीची. घरात असलेली वस्तू आपली नाही ही कल्पना लोकांना रुचली नाही आणि १९९९ च्या जूनमध्ये तो उद्योग बंद झाला. आज गंमत अशी की तीच अट आपण निमूटपणे मान्य करतो, कारण आता कपाटात तबकडीच नाही. महाजालावर चित्रपट भाड्याने घेतला तर पाहण्यास आरंभ करण्यासाठी बहुधा तीस दिवस आणि आरंभ केल्यावर बहुधा ४८ तास मिळतात. १ ऑगस्ट २०२५ पासून 'सितारे जमीन पर' हा चित्रपट यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने असाच उपलब्ध झाला.

हे बंद होणारे दार बांधतात कसे, ते त्या मुलाने मला आपल्या संगणकावर दाखवले. पैसे पोचल्याची खूण येताच सर्व्हर आपल्या वहीत तीन गोष्टी टिपतो: कोण, कोणते चित्र, कोणत्या घटकेपर्यंत. ही ती कॅसेटवाल्याचीच वही. चित्राचे लहान लहान तुकडे करून ते सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेले असतात. पाहणाराचे यंत्र किल्ली मागते, सर्व्हर वही उघडतो, आणि मुदत उरली असेल तरच किल्ली देतो. चित्राकडे नेणारा दुवाही काही मिनिटांतच निकामी होईल असा घडवतात, म्हणजे तो दुसऱ्याला पाठवून लाभ नाही. घड्याळ सर्व्हरचे धरावे लागते, कारण मोबाइलचे काटे मागे सारता येतात. मुदत तारखांनी न मोजता तासांनी मोजावी, नाहीतर परदेशातल्या शिष्याची मध्यरात्र कोणती यावर वाद होतो. असे कुलूप कपटाने फोडणे २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे गुन्हा आहे व त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढे करूनही समोर दुसरा मोबाइल धरून पडदा चित्रित करणारास कोण अडवणार? तो उपाय अद्याप कोणापाशी नाही.

हे सारे ऐकता ऐकता मला वारकरीबाबांच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागले. पूर्वी पाहण्याची मर्यादा वस्तूच ठरवीत असे. रीळ संपले, तंबू उठला, कॅसेट दुसऱ्या गिऱ्हाइकाला हवी आहे, ही कारणे कोणालाही पटत. सर्व्हरवरचा धडा तीस दिवसांनी झिजत नाही आणि तो कोणी परत न्यावाही लागत नाही. मुदत ही आता निव्वळ मालकाची इच्छा आहे. ती ठेवण्यात अन्याय नाही. शिकवणारालाही पोट आहे, आणि कायमची प्रत स्वस्तात देणे त्याला परवडणारे नसेल. परंतु इच्छेने घातलेल्या मर्यादेचा जाब इच्छा करणारालाच द्यावा लागतो. तंबूवाल्याप्रमाणे खोळंब्याचा भार त्याने आपल्या अंगावर घेतला पाहिजे. मुळशीच्या भातखोऱ्यात राहून लावणीचा महिना घड्याळात न धरणे, ही चूक मला तरी त्या मुलाचीच वाटली, आणि मी त्याला तसे सांगितले.

तो थोडा हिरमुसला, पण रात्री पुन्हा संगणकापुढे बसला. मुदत पैसे भरल्यापासून न धरता पहिला धडा उघडल्यापासून धरावी, आणि शिष्याला ती एकदा पंधरा दिवस थांबवता यावी, असा बदल त्याने केला. वारकरीबाबांच्या नावापुढे त्याने नवे तीस दिवस घातले. आजोबा हे सर्व ओसरीवरून ऐकत होते. त्यांनी विचारले, "आणि मूळ चित्रे कुठे ठेवलीस रे?" मुलाने त्याच संगणकाकडे बोट दाखवले. कौलांवर पावसाचा आवाज चालू होता, आणि ओसरीच्या एका कोपऱ्यात गळती लागून खाली पातेले मांडलेले होते. दुसऱ्या दिवशी मी पुण्यास निघालो, तेव्हा एका लहानशा डिस्कवर सर्व धडे उतरवून त्याने ती माझ्या हाती दिली. त्याची थोरली बहीण पुण्यास असते. तिच्या कपाटात ठेवण्यासाठी.