ट्रोलिंग म्हणजे काय? उन्हाळ्यात अवाढव्य जलाशयात वॉलआय मासा असा शोधतात

‘ट्रोलिंग’ म्हटलं की पोस्टखालच्या खोचक कमेंट्स आठवतात. पण इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द मासेमारीत वापरला जातो. चालत्या होडीच्या मागे आमिष ओढत न्यायचं आणि वाटेतला मासा त्यावर झडप घालतो का ते पाहायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. १९९० च्या दशकात यूजनेटवर नवख्यांना डिवचण्यासाठी मुद्दाम प्रश्न टाकले जायचे. त्यालाही हेच नाव पडलं, ते याच ‘आमिष ओढण्या’वरून असं मानलं जातं. स्कँडिनेव्हियन लोककथांमधला ट्रोल नावाचा राक्षस या अर्थाला नंतर चिकटला.

ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग यांत गल्लत होऊ शकते. ट्रॉलरवाले समुद्रात मोठं जाळं ओढतात, ते ट्रॉलिंग. ट्रोलिंगमध्ये जाळं नसतं, फक्त दोर आणि गळ असतो. आपल्या किनाऱ्यावर सुरमईसाठी चालत्या होडीमागे गळ ओढतात, ते ट्रोलिंगच. अमेरिकेत मात्र हीच पद्धत गोड्या पाण्यातल्या एका माशासाठी प्रसिद्ध आहे. तो मासा म्हणजे वॉलआय.

मासा कोणता, जलाशय कोणता?

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतला, पर्च कुळातला शिकारी मासा. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे त्याला अंधूक उजेडात आणि गढूळ पाण्यात चांगलं दिसतं. भर उन्हात तो वर फारसा फिरकत नाही. मांस पांढरं आणि चवीला सौम्य असल्याने खवय्यांमध्ये त्याला मोठी मागणी असते.

नॉर्थ डकोटा राज्यातला लेक साकाकाविया हा जलाशय वॉलआयसाठी ओळखला जातो. मिसुरी नदीवर गॅरिसन हे मातीचं धरण बांधून १९५३ साली प्रवाह अडवण्यात आला आणि सुमारे २८५ किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. ही लांबी मुंबई ते सातारा या अंतराहूनही जास्त आहे. या पाण्याखाली मंडन, हिडात्सा आणि अरिकारा या मूळनिवासी जमातींची सुपीक शेतं आणि गावं गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर हे लोक धरणग्रस्त झाले.

उन्हाळ्यात मासे जातात कुठे?

वसंतात अंडी घालण्यासाठी वॉलआय उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ येतो. तेव्हा तो शोधणं सोपं असतं. जूननंतर, म्हणजे महाराष्ट्रात पावसाळा असतो तेव्हा, तिथे उन्हाळा सुरू होतो आणि मासे पांगतात.

उन्हाने वरचं पाणी तापतं. खोल भागात गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर पडतात. वॉलआयला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. शिवाय त्याचं खाद्यही खाली असतं. साकाकावियात १९७१ साली रेनबो स्मेल्ट हे थंड पाण्यातले छोटे मासे सोडण्यात आले. उन्हाळ्यात स्मेल्ट खोल जातात आणि त्यांच्या मागे अनेक वॉलआयही. मग ते पाण्यात घुसलेल्या टेकडीच्या सोंडांवर, बुडालेल्या उंचवट्यांच्या कडेला, २०, ३०, कधी ४० फुटांवर सापडतात.

एवढ्या मोठ्या पाण्यात एका जागी गळ टाकून बसलं तर दिवस रिकामा जाऊ शकतो. म्हणून ट्रोलिंग. त्यात कमी वेळात बरंच पाणी धुंडाळता येतं.

ट्रोलिंग करतात कसं?

सगळा खेळ दोनच गोष्टींचा आहे: आमिष किती खोल आणि किती वेगात जातं.

*तळाशी मासे असतील तर:* तारेला शिशाचं वजन लावलेला ‘बॉटम बाउन्सर’ तळाला टेकत जातो. त्याच्या मागे चकाकणारी फिरकी आणि गांडूळ. वेग ताशी दीड ते अडीच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीहूनही कमी.

*मासे पांगलेले असतील तर:* छोट्या माशाच्या आकाराचं ‘क्रँकबेट’ हे नकली आमिष ताशी तीन-चार किलोमीटर वेगाने ओढतात. ते खोल नेण्यासाठी आत शिसं असलेला दोर वापरतात. या दोराचा रंग दर ३० फुटांनी बदलतो. ढोबळ हिशेब असा की एक रंग सोडला की आमिष सुमारे पाच फूट खाली जातं. पाच रंग सोडले तर साधारण २५ फूट. वेग वाढला की दोर वर उचलला जातो आणि हिशेब बदलतो.

होडी सरळ न नेता नागमोडी नेण्याचीही रीत आहे. वळणावर बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेतं आणि आतलं मंदावतं. मासा कोणत्या बाजूला लागला यावरून त्या दिवशी कोणता वेग चालतो, ते कळतं. खोली आणि तळ सोनारवर दिसतो, वेग जीपीएसवर.

खोल पाण्यातली खरी अडचण

‘पकडा, फोटो काढा आणि सोडून द्या’ हा अनेक हौशी मासेमारांचा शिरस्ता. उन्हाळ्यात मात्र तो माशाच्या जिवावर बेततो.

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यामुळे तो पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. वॉलआयची ही पिशवी बंद असते, त्यामुळे त्याला आतली हवा पटकन सोडता येत नाही. सुमारे ३३ फुटांवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा झटकन वर ओढला की पिशवीतली हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. पिशवी फाटते, आतड्यांवर दाब येतो, कधी जठर तोंडावाटे बाहेर येतं. असा मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसला, तरी नंतर मरू शकतो. वरच्या गरम पाण्याचा ताण वेगळाच.

म्हणूनच नॉर्थ डकोटाचं गेम अँड फिश खातं सांगतं की साधारण २५ फुटांपेक्षा खोल पाण्यात ‘पकडा आणि सोडा’ टाळावं. राज्यात वॉलआयची रोजची मर्यादा माणशी पाच आहे. खोल पाण्यातून आलेले पाच मासे ठेवले की त्या दिवसापुरतं थांबायचं. मोठा मिळेल या आशेने लहान मासे सोडत राहिलं, तर मोजणीत पाचच दिसतात, पण मेलेले त्याहून जास्त असू शकतात.

नुसता फोटो हवा असेल, तर पहाटे किंवा संध्याकाळी उथळ पाण्यात ट्रोलिंग करणं बरं. अंधूक उजेडात वॉलआय खाण्यासाठी वर येतो, आणि तिथे पकडून सोडलेला मासा जगण्याची शक्यता बरीच जास्त असते.